विषय: मास्टरिंगसाठी वेव्ह फाइल दिली होती, तुम्ही रेफरन्सची एमपीथ्री मास्टर करून पाठवलीत

नमस्कार,

आज १४ ऑगस्ट २०२५. ९ तारखेला तुमच्याकडून माझे तीन ट्रॅक मास्टर होऊन, म्हणजे बाहेर काढण्याआधीचं आवाजाचं शेवटचं काम होऊन आले. त्यातले दोन छान झालेत हे आधीच सांगते, दुसऱ्या ट्रॅकचा बेस तर माझ्या मांगरातल्या (घराजवळच्या शेडमधल्या) छोट्या स्पीकरवर पण इतका स्वच्छ कळतोय की मी दोनदा मागे नेऊन ऐकला. म्हणजे तुम्हाला काम येत नाही असं माझं म्हणणं अजिबात नाहीये. तक्रार आहे पहिल्या ट्रॅकची, सनई आणि ढोलवाल्या, आणि माझ्यासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा होता.

तो ट्रॅक आला तसा मी लगेच मेल केला की सनई बसलेली वाटतेय, ढोल चपटा झालाय, शेवट तुटलाय. त्यावर १२ तारखेला तुमच्या सपोर्टकडून उत्तर आलं की मिक्समध्ये हेडरूम (वर मोकळी जागा) नाही, मास्टर चॅनलवर लिमिटर (टोकं दाबून आवाज जोराचा करणारा) लावलेला दिसतोय, वरच्या फ्रिक्वेन्सी गायब आहेत, मिक्स सुधारून परत पाठवा आणि रिव्हिजनचे १२०० रुपये पडतील. ते वाचून मी रात्रभर माझाच प्रोजेक्ट उघडून बसले होते, कारण पहिल्यांदा वाटतं ना की आपलंच काहीतरी चुकलं असेल. पण चुकलं नव्हतं. तुमच्या इंजिनिअरने लिहिलेले तिन्ही दोष खरे आहेत, फक्त ते ज्या फाइलचे आहेत ती फाइल मी मास्टरिंगसाठी दिलेलीच नव्हती. ती रेफरन्सची एमपीथ्री आहे, नुसता अंदाज यावा म्हणून दिलेला जुना रफ मिक्स. तुम्ही त्या एमपीथ्रीवरच मास्टरिंग केलंय.

आता हे मी कशावरून म्हणते ते सांगते, तुम्ही तुमच्याकडे दोन्ही फाइल उघडून बघू शकता.

पहिली गोष्ट तर साधी लांबी. माझी वेव्ह, म्हणजे मास्टरिंगसाठी दिलेली पूर्ण दर्जाची फाइल, ६ मिनिटं २० सेकंदांची आहे. रेफरन्स ६ मिनिटं ११ सेकंदांचा आहे, कारण तो घाईत काढलेला आणि शेवटच्या बीटलाच कापलेला. वेव्हमध्ये शेवटी ९ सेकंद नुसती लाट मागे जाताना ऐकू येते, वाळूतून पाणी परत जातं तो चर्र आवाज, तो विरत विरत शून्यावर जातो. तुमच्याकडून आलेला मास्टर आहे ६ मिनिटं ११ सेकंदांचा. लाट नाहीच. मी फॉर्मच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की शेवटचा विरणारा भाग कापू नका, फेड मी दिलाय.

दुसरी गोष्ट, ३ मिनिटं १२ सेकंदांना कुकरची शिट्टी आहे. सनई पहिल्यांदा रेकॉर्ड केली ती सनईवाल्या काकांच्या खळ्यात (अंगणात) केली, दुपारची वेळ होती, आतून काकूंच्या कुकरने शिट्टी दिली आणि ती नेमकी लांब सुराच्या मधोमध आली. नीट ऐकलं तर कळते, नाहीतर नाही. ती मला काही केल्या काढता येईना कारण सनईचा सूर आणि शिट्टी एकाच पट्ट्यात बसत होते, म्हणून मी १९ जुलैला काकांना परत बोलावलं, माझ्या मांगरात भिंतींना गोधड्या लावल्या, पंखा बंद, दार बंद, आणि तो भाग पूर्ण नव्याने घेतला. वेव्हमध्ये नवीन टेक आहे. शिट्टी फक्त रेफरन्समध्ये आहे, तो ११ जुलैचा आहे. आणि आता तुमच्या मास्टरमध्ये आहे, पहिल्यापेक्षा जास्त मोठ्याने, कारण तुमच्या लिमिटरने बारीक आवाज वर आणलेत.

तिसरं म्हणजे स्पेक्ट्रम, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे ते. कुठल्याही अ‍ॅनलायझरवर टाका, १६ किलोहर्ट्झच्या आसपास भिंत बांधल्यासारखी सरळ रेघ दिसते आणि वर काही नाही. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीचं तेच असतं, साइज कमी करायला वरचा भाग टाकूनच दिलेला असतो आणि एकदा टाकला की तो कुठल्याही इक्यूने परत येत नाही. माझ्या वेव्हमध्ये तिथे झांजांची किणकिण आहे, काका फुंकतात तेव्हाची हवा आहे, सनईची पत्ती थरथरते त्याचा बारीक खरखरीतपणा आहे. ज्याला तुम्ही वरच्या फ्रिक्वेन्सी गायब म्हणताय त्या वेव्हमध्ये अगदी जागेवर आहेत.

आणि साइज तर उघड दिसतो हो. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची ६ मिनिटं २० सेकंदांची स्टीरिओ वेव्ह साधारण १०० एमबी होते. रेफरन्स ६ एमबीचा आहे. १०० आणि ६ मधला फरक सेशन उघडणाऱ्याला कसा दिसला नाही, हे मला खरंच समजत नाहीये.

रेफरन्स मी दिलाच का असं विचाराल तर तुमच्याच फॉर्ममध्ये वेगळा रकाना आहे, तुम्ही स्वतः ऐकत होता तो जोराचा रफ मिक्स द्या म्हणून. तिथेच दिला. खाली लिहिलं पण की रेफरन्स जुना आहे, सनईचा आधीचा टेक आहे, फक्त लाउडनेसचा आणि मूडचा अंदाज यावा म्हणून देतेय. नवीन काढायचा होता पण त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. त्या रफवर लिमिटर होता हे मी नाकारत नाही, जोराचा रफ म्हणजे लिमिटर असणारच. त्या आधीच दाबलेल्या आवाजावर तुम्ही परत लिमिटर चालवलात, मग ढोल चपटा होणार नाही तर काय होणार.

प्रीमास्टर, म्हणजे मास्टरिंगला दिलेली वेव्ह, मात्र मी तुमच्या गाइडप्रमाणे, एकेक ओळ वाचून केला होता. मास्टर चॅनलवरचा लिमिटर आणि कॉम्प्रेसर काढला, सगळ्यात मोठा ठोका −६ डीबीला राहील अशी लेव्हल ठेवली, नॉर्मलाइज बंद, डिदर बंद, प्रोजेक्ट ज्या सॅम्पल रेटला होता त्यालाच बाहेर काढला, १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो केलं. हे शेवटचं तर मी गाइडमध्ये नसतं तरी केलं असतं, कारण आमच्याकडे मंडपात स्पीकर बहुतेक मोनोच लावतात आणि बेस फेजमध्ये नसेल तर अर्धा आवाज गायबच होतो.

ढोलाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण तुमच्या उत्तरात तो विषय एका ओळीत उडवलाय. या ट्रॅकमध्ये किक इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याच्या बरोबरीने शिमग्याचा ढोल आहे, पालखी नाचवताना वाजतो तो. दोघांची मारामारी होते. या ढोलाचा घुमारा ८० ते १०० हर्ट्झमध्ये बसतो, मी मोजलाय, म्हणून किक मी ५० च्या आसपास खाली नेली, तिची शेपटी छोटी केली आणि ढोल पडेल तिथे बेस जरा दबेल असं साइडचेन लावलं. एवढं केल्यावर ढोलावर काठी पडते तो पहिला टणक क्षण आणि मागून येणारा घुमारा असे दोन्ही वेगळे कळायला लागले. यासाठी तीन आठवडे गेलेत. मास्टरमध्ये तो पहिला क्षण राहिलाच नाही, नुसता एक धप्प आवाज येतो आणि मागे सगळं फुगून वर येतं.

लाउडनेसचं पण बोलायला हवं, तो लफ्समध्ये मोजतात, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज जोराचा. मी −९ लफ्सच्या आसपास मागितलं होतं आणि ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) −१ च्या वर जाऊ देऊ नका म्हटलं होतं. तुमचा मास्टर मोजला तर −६ लफ्स आहे आणि ट्रू पीक शून्याच्या वर ०.९. स्पॉटिफाय डिफॉल्टला सगळं −१४ लफ्सवर आणून वाजवतं, म्हणजे तुमचा मास्टर तिथे ८ डीबी खाली येणार, जोर तर मिळणारच नाही वर दाबलेपणा तेवढा राहणार, आणि पीक शून्याच्या वर असल्याने तिथे परत कन्व्हर्ट होताना फाटणार ते वेगळंच. दुसऱ्या दोन ट्रॅकना तुम्ही हे बरोब्बर सांभाळलंय. त्यामुळे या एकाच ट्रॅकवर हात कोणाचा वेगळा होता का, की लिमिटर मारलेल्या फाइलमुळेच मीटर तिथे जाऊन बसला, ते तुम्हीच बघा.

या फाइल तुमच्यापर्यंत कशा पोचल्या ते पण सांगते, म्हणजे 'परत अपलोड करा' हे लिहिणं किती सोपं आहे ते कळेल. आमच्या वाडीत रेंज नाही. २८ जुलैला रात्री मी लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अ‍ॅक्टिव्हावरून सड्यावर (वरच्या कातळ पठारावर) गेले, तिथे एसटीच्या शेडमध्ये बसून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तिन्ही वेव्ह चढवल्या. वारा असा होता की पाऊस शेडमध्ये आडवा येत होता. पहिल्या ट्रॅकची फाइल ९२ टक्क्यांवर तुटली, मग परत पहिल्यापासून. सगळं संपायला साडेअकरा वाजले. तुमच्या साइटवर 'फाइल मिळाली' असं हिरव्या रंगात आलं त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय, त्यात फाइलचं नाव आणि साइज दोन्ही दिसतंय. म्हणजे वेव्ह तुमच्याकडे आहे. ती मी परत चढवणार नाही.

आणि मास्टर आल्यावर मी काय केलं असेल तर पहिल्यांदा काकांच्या घरी गेले. ते ७० च्या पुढचे आहेत, आयुष्यभर देवळात आणि पालखीपुढे वाजवलं, पण त्यांची सनई अशी रेकॉर्ड होऊन कधी त्यांनी ऐकली नव्हती. ब्लूटूथ स्पीकर खळ्यात लावला. ते डोळे मिटून ऐकत होते, दोन मिनिटांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ह्या माका माझ्या सनयेसारख्या वाटणा नाय गो बाय, पत्र्याच्या डब्यात बसान वाजवल्यासारख्या वाटता." त्यांना लफ्स, लिमिटर काही माहीत नाही. पण तुमच्या इंजिनिअरला जे कळायला हवं होतं ते त्यांना दोन मिनिटांत कळलं. मला त्यांच्यासमोर इतकं वाईट वाटलं, कारण त्यांना वाटलं की आपणच वाजवायला कमी पडलो, आणि ते मला म्हणायला लागले की परत वाजवून देतो. मी त्यांना तिथेच मोबाईलवर माझा मिक्स ऐकवला तेव्हा कुठे ते हसले.

एका ट्रॅकचे ३५०० असे तीन ट्रॅकचे १०,५०० रुपये मी तुम्हाला आगाऊ दिलेत. ते मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून जमवलेले पैसे आहेत. घरी बसून कुठलंही प्लगइन लावून मी जोराचं करू शकले असते, सनई माणसाच्या कानाने सांभाळली जावी म्हणून तुमच्याकडे दिलं.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. पहिला ट्रॅक माझ्या २४ बिट वेव्हवरून नव्याने मास्टर करून १७ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत पाठवा, −९ लफ्सच्या आसपास, ट्रू पीक −१, शेवटची लाट पूर्ण. १२०० रुपये मी देणार नाही, ही रिव्हिजन नाही, दिलेलं काम पहिल्यांदा करणं आहे. २७ तारखेला चवथ (गणेश चतुर्थी) आहे, चाकरमानी गावात येतील तेव्हा ट्रॅक बाहेर असावा म्हणून मला १८ ला डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर चढवणाऱ्याकडे) फाइल द्यायचीच आहे, तो उशीर झाला तर हे सगळं पुढच्या वर्षावर जातं आणि काकांच्या वयाला मला पुढच्या वर्षावर काही टाकायचं नाहीये. १७ पर्यंत जमणार नसेल तर आजच तसं सांगा आणि त्या ट्रॅकचे ३५०० परत करा, मी दुसरीकडे करून घेईन. आणि दोन्हींपैकी काहीही करा, पण तुमच्या १२ तारखेच्या मेलमधलं 'मिक्समध्ये दोष आहे' हे लेखी मागे घ्या. माझ्या ऑर्डरच्या रेकॉर्डला तो शेरा राहिला तर पुढच्या वेळी तुमच्याकडचा कोणीही तो वाचूनच माझी फाइल उघडेल.

उत्तर आलं नाही किंवा परत तोच ठरलेला मेल आला तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवेतल्या त्रुटीची तक्रार सिंधुदुर्गच्या जिल्हा आयोगात करेन. मी राहते तिथे तक्रार करता येते, तुमचं ऑफिस मुंबईत असलं तरी, आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी पण नाही. मला ते करायची हौस नाही, मला माझा ट्रॅक हवाय. दोन ट्रॅक तुम्ही एवढे चांगले केलेत म्हणून मी हा एवढा मोठा मेल लिहायला बसले.

सोबत अपलोडचा स्क्रीनशॉट, दोन्ही फाइलच्या स्पेक्ट्रमचे फोटो आणि ३ मिनिटं १२ सेकंदांच्या आसपासचा १० सेकंदांचा तुकडा जोडलाय, एकदा माझ्या वेव्हमधला आणि एकदा तुमच्या मास्टरमधला. हेडफोन लावून ऐका, शिट्टी लगेच कळेल.

फोन करणार असाल तर संध्याकाळी सातनंतर करा, मी तेव्हा सड्यावर असेन, घरी लागणार नाही.

तुमची ग्राहक
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग