ट्रॉली फेटरीच्या अलीकडे बसली

नागपूर

ती. बाबा आणि आई, सा. न.

दादानं फोनवर अर्धंच सांगितलं आणि उरलेलं आईनं आपल्या मनानं पुरं केलं असं दिसतं. ट्रॉली उलटली नाही. मला साधं खरचटलंही नाही. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे. दादाकडून वाचून घ्या, पण त्याला मधलं गाळू देऊ नका.

आंबिया बहाराचा संत्रा भरून मी आणि सालदार रात्रीच नागपूरच्या कळमना बाजाराला निघालो होतो, सकाळचा लिलाव गाठायचा म्हणून. (समृद्धीनं का जात नाही, असं आईनं विचारलं होतं. आई, तिथं ट्रॅक्टर चालत नाही गं, आणि तो आपल्या वाटेवरही नाही.) कळमेश्वर मागं पडलं आणि जळक्या ग्रीसचा वास सुटला. उतरून बघते तर डावं मागचं चाक झोकांड्या खातंय, हब हात लावू देईना. पावसाळ्यात हबच्या टोपीतून पाणी शिरलं की ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग कोरडं फिरतं, हे बाबांनीच शिकवलंय. सालदारानं बाभळीचे फाटे तोडून रस्त्यावर मागं दूरपर्यंत टाकले, पुढच्या चाकांना दगड लावले. पण भरलेली ट्रॉली आपल्या जॅकनं कशी उचलणार?

दोन-चार गाड्या हॉर्न मारत गेल्या. मग एक ट्रक पुढं जाऊन थांबला. ड्रायव्हर बिहारचा. काय झालं ते त्यानं विचारलंच नाही, वाकून हबजवळ नाक नेलं आणि क्लीनरला ओरडून मोठा जॅक मागवला. साइडपट्टीची माती भुसभुशीत, जॅक आत रुतायला लागला. तेव्हा त्यानं स्वतःच्या गाडीतली लाकडी फळी काढून खाली घातली. चाक निघालं तर बेअरिंगचे रोलर पार निळे पडलेले आणि आतली रिंग आसाला चिकटून बसलेली. छिन्नी लावून अर्धा-अर्धा ठोका देत त्यानं ती सोडवली. मग डिझेलची चिंधी फिरवून, मोबाइलच्या उजेडात तिच्या कडेवरचा नंबर वाचून दाखवला. नवं बेअरिंग त्याच नंबरचं हवं ना!

ते आणायला सालदाराला फेटरीला कोणी नेलं असेल? दूधवाल्यानं. त्यानं आपले कॅन माझ्यापाशी उतरवून ठेवले आणि त्याला मागं बसवून नेलं. ज्याचं दूध वेळेवर पोचलं नाही तर घरोघरी बोलणी बसणार, तो माणूस मिस्त्रीचं दार वाजवत उभा राहिला. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, पोलिसांच्या लफड्याला भिऊन आता कोणी थांबत नाही. अपघातापुरतं म्हणाल तर 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलंय. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. आमचा तर अपघातही नव्हता. पण मला वाटतं, थांबणारे कायदा वाचून थांबत नाहीत. ज्यांनी कधी भरली गाडी ओढली आहे, ते थांबतात. रिकाम्या कारवाल्यांना माझा राग नाही, त्यांना कळतच नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आता. नरखेडकडचे एक शेतकरी त्यांचा संत्रा घेऊन चालले होते, आपल्याच बाजाराला. ट्रॅक्टरवर बाई बघून आधी जरा थबकले, मग म्हणाले, "लिलाव काय तुमच्यासाठी थांबते काय जी? टाका माह्या ट्रॉलीत मावते तेवढा." आम्ही क्रेट उतरवत होतो तोवर त्यांच्यामागून आलेल्या चार ट्रॉल्या पुढं निघून गेल्या. उशिरा पोचलेल्या मालाला काय भाव मिळतो ते तुम्हाला सांगायला नको, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. दुपारी मी कळमन्यात पोचले तेव्हा आपल्या नावाची विक्रीची पट्टी त्यांच्या खिशात तयार होती. आपला माल त्यांनी वेगळा मोजून घेतला होता, हमाली-तोलाई कापून रक्कम चोख. भाडं मात्र घेतलं नाही. मी फार धरलं तर म्हणाले, "तुमचे बाबा असते तर त्यांनी घेतलं असतं काय?" तुम्हाला ते ओळखत नाहीत बरं का!

ट्रकवाल्यानंही पैसे नाकारले, दोन क्रेट मात्र खुशीनं घेतले. जाताना माझ्यावर डाफरला तो फाट्यांवरून. म्हणे, काम झालं की लोक दगड-फाटे तसेच टाकून जातात आणि मागचा मोटारसायकलवाला मरतो. सगळं उचलून होईपर्यंत तो हलला नाही.

आता चारही हबची बेअरिंगं बदलतेय, मागं चमकत्या पट्ट्या लावल्यात. काळजी करू नका असं म्हटलं तरी तुम्ही करणारच, तेव्हा राहू द्या. आईसाठी सालीचा मुरंबा टाकलाय, दादा येईल त्याच्या हाती देते.

आणि बाबा, बेअरिंग काढायचा पुलर कोठ्यात कुठंच सापडत नाही. कुठं ठेवलाय ते दादाला सांगू नका, तो विसरतो. मलाच चार ओळी लिहा.

तुमची
ताई