किल्ल्याच्या फोटोची कापलेली कडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

या दिवाळीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने अंगणात माती, विटा आणि जुन्या पोत्यांचा किल्ला केला, उतारावर अळीव पेरले आणि बुरुजामागे उदबत्ती लपवून मोबाइल जमिनीला टेकवत त्याचा फोटो काढला. कडेला आलेली पाण्याची बादली आणि माझी चप्पल तिने फोटोतून कापून टाकली. फोटो नातेवाइकांच्या गटावर पडताच माझ्या थोरल्या चुलतभावांनी, जे स्वतः अनेक गड पायी चढलेले आहेत, विचारले, ‘धुक्यातला हा गड कोणता? आम्हाला न सांगता गेलात?’ मुलगी पोट धरधरून हसली. मला मात्र त्या हसण्यात पूर्ण सामील होता आले नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

स्वित्झर्लंडमधील योयाकिम कॉर्टिस आणि आद्रियान सोंडरएगर हे दोन छायाचित्रकार 2012 पासून जगप्रसिद्ध छायाचित्रांची दृश्ये आपल्या स्टुडिओत छोट्या प्रतिकृतींतून पुन्हा उभी करतात आणि मग कॅमेरा मागे नेऊन टेबल, दिवे, गोंद, चिकटपट्टी अशा साऱ्या पसाऱ्यासह त्यांचे फोटो घेतात. 1969 मध्ये चंद्रावर उमटलेल्या बुटाच्या ठशाचेही त्यांनी असेच केले आहे. चांद्रमोहीम स्टुडिओतच चित्रित झाली असे मानणारे लोक आजही आहेत. या दोघांनी तो ठसा खरोखरच स्टुडिओत तयार केला, पण काहीही लपवले नाही. त्यामुळे बनावट दृश्य किती सहज उभे राहते हे दिसतेच, शिवाय ‘असे करता येते’ म्हणजे ‘असेच केले होते’ नव्हे, हेही पाहणाऱ्याला स्वतःशीच ताडून पाहावे लागते. संशयखोराला आणि भाबड्याला एकाच वेळी अडवणारे दुसरे चित्र निदान माझ्या पाहण्यात नाही.

आता कडा कापण्याबद्दल. 2018 च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळीची म्हणून एक चित्रफीत देशभर फिरत होती. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका पोराला उचलून पसार होतात. मुळात तो कराचीतील मुलांच्या सुरक्षिततेसाठीच रचलेला जनजागृतीपट होता. त्यात ते दोघे परत येऊन मुलाला सोडतात आणि मूल पळवायला एक क्षणच पुरतो, असा फलक दाखवतात. फिरत राहिलेल्या चित्रफितीत तो शेवट नव्हता. अशाच अफवांच्या वातावरणात 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले.

ती चित्रफीत त्या आठवड्यात मीही पुढे पाठवली होती. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मी शिकलेला आहे, रोज वृत्तपत्र वाचतो, तरीही खात्री करण्याचे माझ्या मनात आले नाही, कारण खात्री करेपर्यंत कुणाचे मूल गेले तर, ही धास्ती मोठी होती. म्हणूनच ‘खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका’ हा उपदेश पालकांच्या बाबतीत तोकडा पडतो, असे मला वाटते. पालक असे संदेश पाठवतो तो बहुतेकदा काळजीपोटी, आणि काळजीला उपदेशाने आवर बसत नाही. मात्र ज्याने स्वतः एकदा खोटे धुके सोडले आहे, त्याची नजर दुसऱ्याच्या धुक्यामागची उदबत्ती शोधू लागते. माझ्या चुलतभावांनी किल्ला केला असता, तर त्यांना बहुधा आधी अळीवच दिसले असते.

आपल्या दैनिकाच्या बालपुरवणीत दरवर्षी किल्ल्यांची छायाचित्रे छापली जातात. पुढील वर्षी प्रत्येक किल्ल्याचे दोन फोटो मागवावेत, अशी विनंती आहे: एक जवळून, खरा गड वाटावा असा, आणि दुसरा मागे सरकून, बादली, खुरपे, चिखलाचे हात यांसह घेतलेला. दोन्ही शेजारी शेजारी आणि सारख्याच आकारात छापावेत. काय कापले होते, हे मुलांनी घरातल्या मोठ्यांना शोधायला लावावे, उलट नको.

आमच्या किल्ल्याचे दोन्ही फोटो सोबत पाठवत आहे. दुसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात दिसणारी चप्पल माझी आहे.

आपला,
एक पालक, सातारा