‘प्रदेशनिष्ठ’ म्हणजे कुठल्या प्रदेशाचे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

चतुर्थी जवळ आली की माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर रानफळे-भाज्या बांधतात त्या मांडणीच्या, बातम्यांत ‘प्रदेशनिष्ठ’ हा शब्द हमखास येतो, आणि बांधलेले एकूणएक रानफळ प्रदेशनिष्ठ होऊन जाते. माट्टी, म्हणजे ऐन, हा गोव्याचा राज्यवृक्ष खरा. पण तो देशात इतरत्रही वाढतो आणि ब्रह्मदेश-थायलंडातही. कुडा तर आफ्रिकेतही आहे. ही झाडे इथली आहेत, प्रदेशनिष्ठ नाहीत. (काजू तर मूळचा इथलाही नव्हे, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. फेणीच्या अभिमानात हे आठवत नाही!)

जी जात एखाद्या भूभागात निसर्गतः आढळते आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही, ती त्या भूभागाची प्रदेशनिष्ठ. त्यामुळे प्रदेश न सांगता हे विशेषण छापण्यात अर्थ नाही. आपला राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, पश्चिम घाटाला प्रदेशनिष्ठ आहे, गोव्याला नव्हे. तो केरळातही दिसतो. दुर्मिळतेशीही लोक गल्लत करतात. मलबारी राखी धनेश पश्चिम घाट सोडून कुठे नाही, पण आमच्या सत्तरी तालुक्यात त्याचे खदखदून हसल्यासारखे ओरडणे नेहमीचेच. उलट वाघ दुर्मिळ, तरी पार सायबेरियापर्यंत पसरलेला.

ज्या ‘एन्डेमिक’साठी आपण हा शब्द वापरतो, तो आधी वैद्यकातला. वनस्पतींसाठी तो स्विस शास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८२० साली उचलला. डॉक्टरांचा अर्थ मात्र वेगळा: रोग त्या भागात ठाण मांडून आहे, एवढेच. मलेरिया आफ्रिकेतही एन्डेमिक आणि आशियातही. तेव्हा रोगाच्या बातमीत ‘प्रदेशनिष्ठ’ नको. अपवाद माकडतापाचा. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला, पुढे सत्तरीत आणि दोडामार्गात पोचला. त्याचे उद्रेक पश्चिम घाटाच्या पट्ट्यातच झाले आहेत. त्याला दोन्ही अर्थ लागू पडतात.

माटोळीच्या बातमीत चुकले तर फारसे बिघडत नाही. सड्यांच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांच्या, बाबतीत बिघडते. पावसात सड्यावर उगवणाऱ्या काही चिमुकल्या वनस्पती कोकण-पश्चिम घाटातल्या जांभ्या कातळांवरच वाढतात, आणि बांधकामासाठी सपाट होतात ते हेच कातळ. अशा प्रकल्पांच्या बातम्यांत ‘प्रदेशनिष्ठ’ शब्दाआधी प्रदेशाचे नाव अवश्य छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वाळपई-सत्तरी