बीपी उभं करूनही मोजा

संपादक महोदय,

नवतपात घरातलं म्हातारं माणूस कूलरसमोरून उठताना भेलकांडलं, की 'ऊन लागलं' म्हणून पन्हं पुढे केलं जातं. पाणी पोटात जातं हे चांगलंच. पण बीपी मोजलं जातं ते बसवून, आणि उभं राहिल्यावर बीपी पडण्याचं दुखणं नेमकं तिथेच निसटतं.

उभं राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे-पायांकडे उतरतं. मानेतल्या धमनीच्या भिंतीला ताण कळतो. तो घटला की मेंदूच्या तळाशी लंबमज्जेत जाणारे संदेश विरळ होतात. एरवी या संदेशांमुळे तिथल्या पेशी 'गाबा' हे रसायन सोडून रक्तवाहिन्या आवळणाऱ्या केंद्राला दाबून धरतात. संदेश विरळले की गाबा कमी, ब्रेक सैल. मग मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रसायन सुटतं, रक्तवाहिन्या आवळतात; नाडी मंद ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन घटून नाडी वाढते. सगळं काही सेकंदांत, आणि बीपी सावरतं.

आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने रक्तातलं पाणी घटलेलं असतं, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असते. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन तर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जिथे बसतं ती जागाच अडवते: मेंदूचा निरोप निघतो, पोचतो, पण रक्तवाहिनी तो घेत नाही. जुन्या मधुमेहात निरोप नेणारे मज्जातंतूच झिजतात.

तपासणी सोपी आहे. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी आणि नाडी मोजा. मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. हात छातीच्या उंचीवर टेकवलेला हवा, लोंबता राहिला तर आकडा खोटा वाढतो. आधाराला माणूस जवळ ठेवा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना दाखवा. नाडीही बघा: ती धावली तर बहुधा पाणी कमी पडलंय, बीपी पडूनही जेमतेम हलली तर मज्जातंतूंच्या बिघाडाची शंका घ्यावी. बीटा-ब्लॉकर (नाडी मंदावणारी गोळी) घेणाऱ्यांत मात्र नाडीवरून अंदाज बांधू नये.

आणि कृपा करून आकडा पाहून गोळी आपल्या मनाने सोडू नका. बीपीची क्लोनिडिन ही गोळी मेंदूतूनच नॉरअ‍ॅड्रेनॅलिनला आवर घालते. ती एकदम थांबवली तर एक-दोन दिवसांत बीपी उसळतं.

अंबाझरी, फुटाळा तलावांवर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी बीपीची शिबिरं घेणाऱ्या मंडळांना विनंती, साठीपुढच्यांना उभं करूनही मोजा. एक खाट आणि माणशी दहा मिनिटं, एवढंच जास्तीचं लागतं.

— एक वाचक, नागपूर