पहिली दोन्ही नावं मराठी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला चित्रपट पुरस्कारांच्या इतिहासावरचा लेख वाचला. माहिती भरपूर आहे, पण बहुतेक नायक-नायिकांची. सहाय्यक अभिनेत्रींची दोन ओळींत बोळवण केल्यामुळे नेमकी आपल्या घरची गोष्ट निसटली.

फिल्मफेअरने सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार १९५५ साली सुरू केला तेव्हा पहिली मानकरी होती उषा किरण, 'बादबान'साठी. राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनेत्रीचा गौरव १९६७च्या चित्रपटांपासून होत होता. सहाय्यक अभिनेत्रीची आठवण सरकारला १९८४च्या चित्रपटांच्या वेळी झाली. तिथेही पहिलं नाव मराठीच, 'पार्टी'साठी रोहिणी हट्टंगडी.

रोहिणीताईंचं तर वेगळं पान व्हायला हवं होतं. 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी ब्रिटनचा बाफ्टा (मॉरीन स्टेपलटनबरोबर विभागून) आणि 'अर्थ'साठी फिल्मफेअर, दोन्ही सहाय्यक भूमिकेचेच. 'अर्थ'मधली मोलकरीण पुन्हा पाहावी. मुलीच्या शाळेसाठी जमवलेले पैसे नवरा उधळतो, आणि ती त्याचा जीव घेते. चित्रपट शबाना आझमींचा आहे हे कबूल, पण या बाईला वगळलं तर त्याचा शेवट उभाच राहत नाही. 'पार्टी' मूळ नाटककार महेश एलकुंचवारांच्या नाटकावरचा. त्यात रोहिणीताईंनी रंगवली ती दारूच्या आहारी गेलेली, एके काळची अभिनेत्री.

ललिता पवारांची गंमत आणखी निराळी. आयुष्यभर खाष्ट सासू म्हणून शिव्याशाप झेलले आणि फिल्मफेअर मिळालं 'अनाडी'तल्या मायाळू, फटकळ घरमालकिणीसाठी! परीक्षकांना दुष्ट बाई पचत नसावी, असं मला उगाच वाटतं. शशिकला याला अपवाद. 'आरती' आणि 'गुमराह', लागोपाठ दोन. बिंदूला मात्र नामांकनं मिळत गेली, पुरस्कार एकदाही नाही.

सहाय्यक कोण, हे ठरवतं तरी कोण? 'देवदास'मधल्या चंद्रमुखीसाठी हाच पुरस्कार जाहीर झाला तेव्हा वैजयंतीमालांनी तो नाकारला. आपली भूमिका पारोच्या तोडीची आहे, दुय्यम नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. उषा किरणही 'पतिता'ची नायिका होत्याच.

या यादीत मराठी नावं इतकी का, याचा अभिमान वाटावा की हिंदीने आपल्या अभिनेत्रींना बाजूच्याच खुर्च्या दिल्या म्हणून वाईट वाटावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुर्गा खोटेंपासून अलीकडे 'अस्तु'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या अमृता सुभाषपर्यंत यादी मोठी आहे. लेखमालेचा पुढचा भाग या बायकांवर करावा, आणि यापुढे पुरस्कारांच्या बातमीत त्यांचं नाव 'इतर विजेते' या चौकटीत ढकलू नये, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक