कोपऱ्यातलं स्टूल

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर दोघांचेही आवाज चढले, म्हणून लिहितोय. कागदावर निदान तुला मध्येच "बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही" म्हणता येणार नाही. बाउटचा विषय काढायचा नाही, असं मी आणि तुझ्या आईने ठरवलंय. तेव्हा घरचं लिहितो. काकूचे टाके निघाले, आता काठी न घेता चालते. वरच्या खोलीतली गळती आहे तशीच आहे.

ताई म्हणाली, तू पुन्हा ग्लोव्हज चढवलेस. डॉक्टरांनी ३० दिवस स्पारिंग, म्हणजे सरावाची लढतसुद्धा, बंद असं लिहून दिलंय ना? हलकंच करतो म्हणालास म्हणे. ९२ किलोच्या वरच्या दोन माणसांचं हलकं म्हणजे काय ते मला माहीत आहे. डोकं दुखतंय का अजून?

फायनलमध्ये कोचसरांनी टॉवेल टाकून तुझी लढत थांबवली याचा राग तुझ्या मनातून जात नाही. "मी उभा होतो," हे तू सारखं सांगत होतास. उभा होतास, मान्य. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. दुसऱ्या काउंटनंतर रेफरी तुझे ग्लोव्हज धरून काहीतरी विचारतोय आणि तू त्याच्या खांद्यावरून मागच्या जाहिरातीच्या बोर्डाकडे बघतोयस. डावा हात कमरेपाशी. आठ वर्षांचा असताना ताप चढला की तू असाच भिंतीकडे बघायचास. सरांनी तेच पाहिलं असणार. आणि तू त्यांना चारचौघांत भेकड म्हणालास.

वर मला ऐकवलंस, "मी काय सॅम्युएल पीटर आहे, स्टुलावर बसून राहायला?" एकेकाळी तुझा हिरो असलेला तो नायजेरियन बॉक्सर! हे मात्र मला लागलं.

नायजेरियातलं, लागोसच्या इलुपेजूतलं आपलं घर आठवतंय का तुला? मार्च २००८, पहाटेची वेळ, नेपाने, म्हणजे तिथल्या वीज कंपनीने, नेहमीप्रमाणे दगा दिलेला. डिझेल पुरावं म्हणून आईने फ्रीज बंद करून फक्त टीव्ही चालू ठेवू दिला. आपला स्वयंपाकी अक्वा इबोमचा, म्हणजे पीटरच्याच राज्यातला. बस म्हटलं तरी सोफ्यावर बसेना, दाराच्या चौकटीला धरून उभा. तिकडे मेक्सिकोत कानकूनला, बैलांच्या झुंजीच्या रिंगणात, पीटरने सहाव्या फेरीत ओलेग मास्काएवला असं काही झोडपलं की रेफरीला मध्ये पडावं लागलं. हेवीवेटचा डब्ल्यूबीसी, म्हणजे जगज्जेतेपदाचा, पट्टा नायजेरियाच्या माणसाच्या कमरेला! आईची हिरवी ओढणी खांद्यावर टाकून तू गच्चीवर "नायजेरियन नाइटमेअर" असं ओरडत पळत होतास. खालच्या कंपाउंडमधून लोक तुला हात करत होते. मिलमध्ये त्या दिवशी मी कुणालाच उशिरा आल्याबद्दल बोललो नाही.

तुला त्याचे आकडे पाठ होते. २००५ साली अटलांटिक सिटीत तो व्लादिमीर क्लिट्श्कोसमोर उभा राहिला तेव्हा २४ पैकी २४ लढती जिंकलेला होता, २१ नॉकआउट. व्लादिमीरला त्याने तीनदा पाडलं आणि तरी पॉइंट्सवर हरला, तिन्ही पंचांचा कौल ११४-१११. पुढे जेम्स टोनीला दोनदा हरवलं. मग २००७ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उलटं घडलं. जमील मॅक्लाइनने सुरुवातीच्या फेऱ्यांतच याला तीनदा खाली बसवलं, आणि याने उठून लढत जिंकली.

ती मॅक्लाइनची लढत तुला फार आवडायची. मलाही आवडायची. आता तिचीच भीती वाटते. पडून उठलं की जिंकता येतं, हे एकदा अंगात भिनलं की माणूस प्रत्येक वेळी उठायला बघतो. कोणत्या वेळी उठू नये हे मग त्याला कोण सांगणार?

तर ते स्टूल. ११ ऑक्टोबर २००८, बर्लिन. समोर व्लादिमीरचा मोठा भाऊ व्हिटाली, जवळजवळ चार वर्षांनी रिंगमध्ये उतरलेला. लांबून जॅब, तो सरळ ठोसा, पुन्हा जॅब. पीटरला आत शिरताच येईना. दोन पंचांनी तर त्याला एकही फेरी दिली नाही. आठवी संपली, तो कोपऱ्यात स्टुलावर बसला आणि नवव्याला उठलाच नाही. सात महिन्यांत पट्टा गेला. स्वयंपाक्याने टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलास तो पीटर पळपुटा आहे हेच घोकत. शाळेतली पोरं म्हणत होती म्हणून तूही.

अरे, त्या आठ फेऱ्या त्याने खाल्ल्या होत्या. आपण चिप्स खात होतो. मला विचारशील तर त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला शहाणपणाचा क्षण तोच.

वाईट वाटतं ते पुढचं बघून. पाच महिन्यांत वाढलेल्या वजनानिशी एडी चेंबर्सशी लढला, हरला. २०१० ला फ्रँकफर्टमध्ये पुन्हा व्लादिमीर, दहाव्या फेरीत आडवा. २०११ ला रॉबर्ट हेलेनियस, नवव्या फेरीत. मग काही वर्षं दिसला नाही. मी म्हटलं, सुटला. तर २०१४ ला परत हजर. २०१६ ला सोफियात पुलेवसमोर खांदा गेला. जुलै २०१९ मध्ये जेद्दाहला आमिर खानसमोर आपला नीरज गोयत उतरणार होता, त्याचा गाडीचा अपघात झाला, तरी तू टीव्ही लावून बसलास. त्याच रात्री ह्यूई फ्युरीसमोर पीटर दिसला. ३८ वर्षांचा. तू म्हणालास, "बाबा, हा तोच?" आणि हरताना बघवेना म्हणून आत निघून गेलास. आठवतंय? बर्लिनला थांबायला जमलं, पण घरी थांबायला नाही जमलं त्याला. पोटापाण्यासाठी आला असेल, हौसेने आला असेल, मी कोण ठरवणार. पण तुझ्याकडे बघताना मला ती जेद्दाहची रात्र आठवते, कानकूनची आठवत नाही.

झालं, सुरू झालं माझं कीर्तन. माफ कर. बॉक्सिंग सोड असं मी म्हणत नाहीये. आजीने पेपरातला तुझा फोटो देवघरात लावलाय, गणपतीच्या शेजारी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवल्याशिवाय चहा मिळत नाही. मीही काही कमी नाही. उपांत्य फेरीतला तुझा तो उजवा हात मी सायझिंगवाल्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना मोबाइलवर दाखवलाय. तो ठोसा बघताना छाती फुगते. आणि क्लिप संपायच्या आत मी मोबाइल बंद करतो, कारण पुढे आपोआप फायनलची लागते.

तुझी आई काही बोलत नाही. रात्री उठून पाणी पिते आणि माझा फोन बघते.

सरांना भेट. माफी मागायला जड जात असेल तर नुसता जाऊन समोर बस, ते समजून घेतील. महिना पूर्ण होईपर्यंत दोरीउड्या मार, पळ, पण डोक्यावर काही घेऊ नकोस. हेडगार्ड आहे वगैरे मला सांगू नकोस.

पैसे टाकलेत. खुराकात काटकसर नको.

तुझा,
बाबा

ता.क. एमआरआयचा रिपोर्ट पाठव. मागच्यासारखा फोटो नको, पीडीएफ पाठव, फोटोतलं अक्षर लागत नाही. काकूच्या डॉक्टरांना दाखवणार आहे. आणि सकाळी उठल्यावर डोकं दुखतं की संध्याकाळी, तेवढं खरं खरं सांग. ताईला सांगितलंस तरी चालेल.