बिब्बा वेगळा, गोडंबी वेगळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत डिंकाच्या लाडवांची रेसिपी आली होती, रेसिपी चांगलीच होती पण साहित्यात नुसतं 'बिब्ब्याच्या बिया' लिहिलं आणि तिथंच घोटाळा झाला. माझी पुतणसून पुण्यात वाढलेली, तिनं काष्ठौषधीच्या दुकानातून पावशेर काळे बिब्बे आणले आणि बसली खलबत्त्यात कुटत. पहिल्याच घावाला तेल उडालं, दुसऱ्या दिवशी हात सुजून टम्म आणि डोळ्याखाली फोड. आमच्या वाशिमकडे याला बिब्बा उतला म्हणतात. खोबरेल चोपडलं, मग डॉक्टरकडे नेलं, आता बरी आहे पण लाडवाचं नाव काढू देत नाही.

लाडवात घालतात ती गोडंबी, म्हणजे काळं टरफल फोडल्यावर आतून निघणारा पांढरा गर. तेल असतं ते टरफलात. हे झाड काजूच्याच कुळातलं, फळ पण तसंच, वर केशरी गरवाला भाग आणि खाली लटकलेला काळा बिब्बा. तो केशरी भाग वाळवला की बिब्ब्याची फुलं, ती आम्ही लहानपणी खिसे भरभरून खाल्ली.

बाकी उपयोग किती सांगावे, आजी धान्याच्या कोठीत बिब्बे टाकायची, पायात काटा मोडला की सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा आणि तेलाचा थेंब नेमका काट्यावर, शनिवारी लिंबू-मिरचीसोबत दाराला पण हाच. धोबी याच रसानं कपड्यावर खूण करायचे, चुना लावला की पक्की, कितीही धुवा जात नाही. दुसऱ्या महायुद्धात इकडं आलेल्या अमेरिकन सैनिकांना त्या खुणांनी पुरळ उठलं तेव्हा डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्याला धोबी मार्क डर्मटायटिस असं नाव दिलं! कामात बिब्बा घालणं ही म्हण काय उगाच नाही आली.

आणि एक, गोडंबी फार महाग म्हणून सगळे कुरकुरतात. आमच्या गल्लीत एक मावशी बिब्बे फोडायच्या, मांडीवर पोतं, तोंडाला जुनं लुगडं, हाताला राख, एका दगडावर बिब्बा ठेवून दुसऱ्यानं टोला. दिवसभर बसून हातात किती पडायची तर ओंजळभर. बोटं कायम काळी, लग्नाकार्यात पदराखाली लपवायच्या. काजूसाठी बोर्ड झालं, चांगलंच झालं, पण बिब्बा फोडणाऱ्या बाईला साधे हातमोजे अन् चष्मा द्यायचं कुणाला सुचत नाही, तिचा माल मात्र पाकिटात घालून दुप्पट भावानं विकायला सगळे पुढे.

असो. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापा की बिब्ब्याच्या बिया नाही, फोडलेली गोडंबी, आणि ती पण तुपात तळून.

आपला एक वाचक,
वाशिम